बिअरमध्ये शिजवलेलं बीफ कडू का होतं, आणि त्याच्या सोबतीला काय वाढावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड किलो बीफ, मांडीचा बिनचरबीचा भाग, दोन बाटल्या आयपीएमध्ये (ही बिअरची एक कडू जात) तीन तास शिजवला. रस्सा कडू झाला, रश्श्यात बुडालेलं असूनही मांस खाताना कोरडं लागलं आणि रस्सा ताटात पाण्यासारखा पळत होता. अर्धं भांडं अजून फ्रिजमध्ये पडून आहे. पुढच्या आठवड्यात आठ माणसं जेवायला येणार आहेत, तेव्हा पुन्हा करून बघायचं आहे. सोबतीला पोटभरीचं काय ठेवावं, हेही विचारलंय.

फ्रिजमधलं भांडं फेकू नका. त्याच्याकडे शेवटी येते.

वीसेक वर्षं मी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली आणि त्यातली बरीचशी मंद आचेवरच्या भांड्यांपाशी. तुमच्या तीन तक्रारींपैकी कडूपणाची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बिअरमधल्या बीफची जुनी पद्धत नीट बघितली तर तिच्यातली प्रत्येक गोष्ट, कांदा, साखर, ब्रेड, मस्टर्ड (मोहरीची पेस्ट), या एकाच तक्रारीवरचा उतारा म्हणून आलेली दिसते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बिअर कडू होते ती हॉप्समुळे, म्हणजे तिच्यात घालतात त्या एका वेलीच्या फुलांमुळे. हॉप्समधली अल्फा आम्लं बिअर बनवताना उकळली जातात, त्यांची रचना बदलते आणि त्यातून तो ओळखीचा कडूपणा येतो. हे कडू पदार्थ वाफेबरोबर उडून जात नाहीत. बिअर भांड्यात ओतली की पहिल्या मिनिटात बुडबुडे जातात, मग हळूहळू अल्कोहोल उडतं, पाणी आटतं. आयपीएचा ग्लास नाकाशी नेल्यावर जो संत्र्यासारखा, गवतासारखा वास येतो, ज्यासाठी आपण ती पितो, तोही उडतो. मागे राहतो तो नुसता कडूपणा, आणि रस्सा निम्म्यावर आला की त्याची तीव्रता दुप्पट होते. म्हणजे प्यायला सगळ्यात सुरेख बिअर शिजवायला सगळ्यात वाईट ठरू शकते. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

बिअरचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात आणि काही बाटल्यांवर तो छापलेला असतो. आयपीए साधारण ४० ते ७० आयबीयूची असते. बेल्जियमची दुबेल १५ ते २५, जर्मन डॉपेलबॉक १६ ते २६, म्युनिकची डुंकेल १८ ते २८. शिजवण्यासाठी याच पट्ट्यात राहा: रंगाने गडद, चवीला माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी असलेली आणि हॉप्स कमी. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली औद ब्राउन जातीची आंबूस तपकिरी बिअर मिळाली तर फारच उत्तम. औदेनार्ड हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात आंबटपणा आधीच असतो, त्यामुळे पुढे व्हिनेगर कमी लागतं.

स्टाउटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गडद म्हणजे सौम्य असं समजून बरेच जण तीच उचलतात. आयरिश स्टाउट २५ ते ४५ आयबीयूची असते आणि त्यावर काळं होईपर्यंत भाजलेल्या बार्लीचा, कॉफीसारखा, वेगळा कडूपणा. आयर्लंडमध्ये गिनेस ही स्टाउट घालून बीफ स्ट्यू करतातच. डब्लिनच्या सेंट जेम्स गेटची ती बिअरची भट्टी १७५९ची, त्यामुळे तिथे हात तिकडेच जाणार. पण नुसत्या स्टाउटमध्ये मांस शिजवू नका. एक भाग स्टाउट आणि एक ते दीड भाग बिनमिठाचा स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) घ्या, गाजर थोडं जास्त घाला, म्हणजे जमतं.

बाटलीवर आकडा नसेल तर एक साधी चाचणी करा. पळीभर बिअर लहान भांड्यात निम्मी होईपर्यंत आटवा, कोमट होऊ द्या आणि चिमूटभर मीठ टाकून चमच्याने चाखा. तुमचा रस्सा साधारण असाच लागणार आहे. ही चाचणी मी एका फजितीनंतर सुरू केली. एका समारंभासाठी बारा किलो मांस शिजवायचं होतं. तपकिरी बिअरच्या जागी पुरवठादाराकडून फिकट, हॉप्सने ठासून भरलेली एल, म्हणजे बिअरचीच एक जात, आली. गडबड होती, मी लेबल न वाचता बाटल्या रिकाम्या केल्या. दोन तासांनी पळी तोंडाला लावली आणि घशापर्यंत कडू जहर. त्या दिवशी रस्सा वाचवायला जे जे केलं, तेच शेवटी तुम्हाला सांगणार आहे.

आता मांसाकडे. रश्श्यात बुडालेलं मांस कोरडं कसं लागतं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. मांसाचं तापमान ६० अंशांच्या पुढे गेलं की स्नायूंचे धागे आकसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. भोवती कितीही रस्सा असो, ते पाणी पुन्हा आत शिरत नाही. मग तीन तास शिजवलेलं चांगलं मांस मऊ, रसाळ का लागतं? तर कोलाजेनमुळे. जो भाग जनावर सतत वापरतं, खांदा, पोटरी, गाल, तिथे स्नायूंच्या मधून कोलाजेनचे चिवट पडदे असतात. ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतात आणि प्रत्येक धाग्याभोवती त्याचा बुळबुळीत लेप बसतो. आपल्याला जिभेवर ‘रसाळ’ लागतो तो हा लेप. तुम्ही घेतलेल्या मांडीच्या भागात कोलाजेनही कमी आणि चरबीही कमी. पाणी गेलं, त्या जागी काहीच आलं नाही. तो तुकडा तीन तास काय, सहा तास शिजवला असता तरी धागे सुटे झाले असते, रसाळ झाला नसता.

तेव्हा खांद्याचा भाग घ्या, ज्याला दुकानात चक म्हणतात. त्यात मधूनमधून पांढऱ्या रेषा दिसायला हव्यात. पोटरीचं मांस, म्हणजे शिन, त्याहून चिकट रस्सा देतं, पण तासभर जास्त खातं. मला स्वतःला दोन भाग खांदा आणि एक भाग पोटरी असं मिश्रण आवडतं. गालाचं मांस मिळालं तर डोळे झाकून घ्या. ‘स्ट्यूचे तुकडे’ म्हणून आयते कापून ठेवलेले मिळतात ते शक्यतो टाळा, त्यात कुठकुठल्या भागांची भेसळ असते आणि एक तुकडा गळेपर्यंत दुसरा दगड राहतो.

आठ माणसांसाठी दोन किलो मांस धरा. शिजून ते साधारण दोन तृतीयांश उरतं. पाच सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करा. याहून लहान केले तर शेवटी चुरा हाती येतो. आदल्या रात्री २० ते २४ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. मीठ आतपर्यंत जातं आणि वरचा भाग कोरडा होतो, याचा फायदा दुसऱ्या दिवशी कळेल. शिवाय मीठ जिभेवरचा कडूपणा दाबतं. कडू रश्श्यात साखरेआधी मीठ बघावं, हे बऱ्याच जणांना सुचत नाही.

बाकी सामान: दीड किलो कांदे (हो, दीड किलो), ७५० मिली ते एक लिटर बिअर, ३०० मिली बिनमिठाचा बीफ स्टॉक, दोन मोठे चमचे मैदा, तेवढीच ब्राउन शुगर, थाइमच्या चारपाच काड्या, दोन बे लीफ, दोन लवंगा, शेवटी घालायला व्हिनेगर, आणि जाड ब्रेडचे दोन-तीन स्लाइस व त्यांना फासायला तिखट मस्टर्ड. लसूण मी घालत नाही. टोमॅटो तर नाहीच. टोमॅटो पडला की सगळं त्याच्याच चवीचं होतं.

ही जी रीत सांगतेय ती फ्लँडर्सची. डच बोलणारे तिला स्टोफव्लेस म्हणतात, फ्रेंच बोलणारे कार्बोनाद. कार्बोनाद हा शब्द कोळशावरून आलाय, मुळात तो निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसासाठी वापरत. बेल्जियम आणि फ्रान्सचा उत्तर भाग, दोन्हीकडे हा पदार्थ आपलाच मानतात. तिथे वाइनपेक्षा बिअर घरची, म्हणून मांसही बिअरमध्ये. वाइनच्या आणि बिअरच्या रश्श्यात मोठा फरक हा की वाइन आटून आंबट होते, बिअर आटून कडू. म्हणून वाइनची कृती घेऊन तिच्यात वाइनच्या जागी बिअर ओतली की फसतं. बिअरला भरपूर कांदा लागतो, थोडी साखर लागते.

भाजण्यात घाई करू नका. जाड बुडाचं भांडं चांगलं तापवा, तेल घाला, मांस कागदाने टिपून कोरडं करा आणि एका वेळी एवढेच तुकडे टाका की दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा राहील. टाकल्यावर चर्रर असा आवाज यायला हवा आणि तो टिकायला हवा. आवाज मऊ होऊन बुडबुड ऐकू आली, तर भांड्यात पाणी सुटलंय. तिथून पुढे मांस भाजलं जात नाही, उकडलं जातं, कारण पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही आणि तो खमंग तांबूस रंग यायला १४० च्या आसपास तापमान लागतं. तुकडा चिमट्याने ओढून बघा. बुडाला धरून असेल तर सोडून द्या, रंग आला की तो स्वतःच सुटतो. सगळ्या सहा बाजू भाजत बसायची गरज नाही, समोरासमोरच्या दोन पुरे. दोन किलोला चार घाणे लागतात आणि अर्धा तास जातो. हा अर्धा तास वाचवायला गेलात तर रश्श्याला रंग येत नाही, चव येत नाही, आणि मग माणूस तो रंग आणायला काहीबाही ओतत सुटतो.

तळाशी जी खरवड धरते तिच्यावर लक्ष ठेवा. ती तपकिरी हवी. काळी पडायला लागली तर दोन चमचे पाणी टाकून सोडवून घ्या, पार जळलीच तर भांडं धुऊन टाका. जळक्या खरवडीचा कडूपणा हॉप्सच्या कडूपणात मिसळला की दोष कोणाचा, तेही कळत नाही.

मांस काढून त्याच भांड्यात बटर आणि उभे चिरलेले कांदे. आच मध्यम. पहिल्या दहा मिनिटांत कांदा पाणी सोडतो, त्या पाण्याने खरवड आपोआप सुटते, लाकडी उलथन्याने घासत राहा. मग पाणी आटतं आणि कांद्याचा डोंगर वाटीभर होतो. मध्यम सोनेरी-तपकिरी व्हायला ३५ ते ४० मिनिटं लागतात. ‘दहा मिनिटांत कांदा कॅरमलाइझ करा’ असं जिथे लिहिलेलं असेल त्या कृतीवर विश्वास ठेवू नका. कांद्यातली साखर हाच या रश्श्याचा पाया आहे, नंतर घातलेली ब्राउन शुगर ही नुसती डागडुजी. कांदा झाला की मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता, साखर घाला, मग बिअर. बिअर भांड्याच्या कडेने, थोडी थोडी ओता. गरम भांड्यात एकदम ओतली तर फेस उसळून शेगडीवर येतो. थंड, कोमट, गॅस गेलेली, कशीही चालते.

पाचेक मिनिटं उकळू द्या, मग स्टॉक, थाइम, बे लीफ, लवंगा आणि मांस, त्यातून सुटलेल्या रसासकट. रस्सा मांसाच्या तुकड्यांच्या जेमतेम खांद्यापर्यंत यावा, डोक्यावरून जाऊ नये. तुमचा रस्सा पाण्यासारखा पळण्याचं एक कारण हे असणार: मांस पोहत होतं. भांडं १५० अंशांच्या ओव्हनमध्ये, झाकण बोटभर किलकिलं ठेवून. थोडी वाफ जाऊ दिली की रस्सा आटतो, आणि भांड्यातलं तापमानही खळखळ उकळीपर्यंत चढत नाही. गॅसवर करायचं असेल तर सगळ्यात बारीक आच. दर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर यावा, बस. खदखदणारी उकळी मांसाचे धागे घट्ट पिळते आणि चरबी रश्श्यात फोडून तो गढूळ करते.

दोन तासांनी मस्टर्डचा ब्रेड. स्लाइसच्या कडा काढा, एका बाजूला मस्टर्ड सढळ हाताने फासा आणि मस्टर्डची बाजू खाली करून रश्श्यावर अलगद ठेवा. ढवळू नका. आधी ब्रेड नुसता तरंगतो, मग कडांकडून ओला होत जातो, फुगतो, आणि पाऊण तासाने बघावं तर जागेवर नुसता मऊ लगदा उरलेला असतो. आता ढवळा, तो रश्श्यात दिसेनासा होतो आणि रस्सा मिळून येतो. मैद्याचा दाटपणा गुळगुळीत असतो, ब्रेडचा थोडा रवाळ, आणि तो मांसाला जास्त चांगला धरतो. मस्टर्डचा झणका शिजताना उडतो, मागे एक आंबूस खमंगपणा राहतो. फ्लँडर्समध्ये काही घरांत साध्या ब्रेडऐवजी मधाचा, मसाल्याचा पेपरकूक वापरतात. मग साखर निम्मी करा.

झालं कधी, ते घड्याळ सांगत नाही. साधारण अडीच ते साडेतीन तास. काट्याने टोचून वळवा, तुकडा विरोध न करता उघडायला हवा, पण उचलताना तुटू नये. एकच तुकडा बघून ठरवू नका, तीन बघा. आणि अडीच तासांनी मांस चिवट लागलं तर ‘जास्त शिजलं’ असं समजून बंद करू नका. बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं.

व्हिनेगर सगळ्यात शेवटी, एक चमचा घालून चाखा, हवं तर आणखी. आंबटाने कडूपणा जात नाही, पण चरबीचा जडपणा कापला जातो आणि चव जिभेवर उठून येते. व्हिनेगर आधी घालून बसलात तर शिजताना त्याचा टोकदारपणा बोथट होतो आणि शेवटी पुन्हा घालावंच लागतं.

प्रेशर कुकरमध्ये करणार असाल तर बिअर आणि स्टॉक मिळून एक तृतीयांश कमी घ्या, कारण काहीच आटत नाही. बिअर उघड्यावर उकळून फेस बसल्यावरच झाकण लावा आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. दाब आल्यावर ४० मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ द्या. झटकन वाफ सोडली तर मांस आतल्या आत उकळतं आणि धागे कोरडे पडतात. ब्रेड नंतर घालून उघड्यावर वीस मिनिटं.

पाहुण्यांत मुलं असतील किंवा अल्कोहोल न घेणारी माणसं असतील तर आधी सांगून ठेवा. ‘शिजवल्यावर सगळं उडतं’ हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार तासभर मंद शिजवल्यावर मूळ अल्कोहोलपैकी सुमारे २५ टक्के आणि अडीच तासांनी सुमारे ५ टक्के उरतं. रश्श्यात ते फार थोडं असतं, पण ज्याला अजिबात नको त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. बिनअल्कोहोलची गडद बिअर चालते, मात्र हॉप्स तिच्यातही असतात, वरची चाचणी करूनच घ्या. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी बार्लीची बिअर, मैदा आणि ब्रेड तिन्ही बाद.

आठ जण शनिवारी येणार असतील तर शुक्रवारी शिजवा. हे मी फक्त सोयीसाठी सांगत नाही. रात्रभरात रस्सा मुरतो, कडू-गोडाच्या कडा एकमेकांत विरतात आणि वरची चरबी गोठून पापुद्र्यासारखी उचलता येते. उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भलंमोठं भांडं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवणं धोक्याचं आहे, त्याचं पोट सकाळपर्यंत कोमट राहतं. सकाळी रस्सा जेलीसारखा थरथरला तर समजा भाग बरोबर निवडला होता. गरम करताना झाकण ठेवून, मंद आचेवर, फार न ढवळता.

आता सोबतीला काय. माझा एक हट्ट आहे: रस्सा शोषून घेणारं एकच काहीतरी ठेवा आणि ते पोटभर ठेवा. मॅश (कुस्करलेले बटाटे), नूडल्स आणि भाजलेले बटाटे असं तिन्ही मांडलं की ताट फक्त जड होतं. त्याच्या शेजारी एखादी आंबट-गोड भाजी आणि एखादी दाताखाली कुरकुरणारी गोष्ट. शिजवलेल्या मांसात नेमकं हेच नसतं, आंबट नाही आणि कुरकुरीत नाही.

फ्लँडर्समध्ये उत्तर ठरलेलं आहे, फ्राइट, म्हणजे तळलेले बटाट्याचे फ्राइज. तिथे फ्राइटच्या दुकानांत नुसता स्टोफव्लेसचा रस्साही वरून ओतून मिळतो. घरी करायचे तर पिठूळ बटाटे बोटाएवढे जाड कापा, धुऊन पूर्ण कोरडे करा, १५० ते १६० अंशांच्या तेलात सहासात मिनिटं, रंग न येऊ देता. काढून किमान अर्धा तास गार करा. वाढायच्या वेळी १८० ते १९० अंशांवर दोन-तीन मिनिटं. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत वरचं साल कडक होतं. पण खरं सांगू? चौघांसाठी फ्राइट मजेचे, आठ जणांसाठी नाही. घरच्या कढईत पाच घाणे काढेपर्यंत पहिला घाणा मऊ पडतो आणि यजमान जेवणभर शेगडीपाशी.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत मॅशला. माणशी पाव किलो पिठूळ बटाटे, म्हणजे दोन किलो. मोठे तुकडे करून थंड, खारट पाण्यात टाकून मगच गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आतून कच्चे राहतात. निथळल्यावर त्याच गरम भांड्यात परत टाकून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, पृष्ठभाग पांढुरका, पिठूळ दिसेपर्यंत. आधी बटर, मग गरम दूध. मिक्सरचं नाव काढू नका, पात्यांनी स्टार्च फुटून डिंक होतो. रस्सा एवढा तुपकट असताना १५० ग्रॅम बटर पुरे, हॉटेलात घालतात तेवढं घालू नका. ब्रसेल्सकडे मॅशमध्ये शिजवलेलं गाजर, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) किंवा कोबी भरडसर मिसळतात, त्याला स्टुम्प म्हणतात. आयर्लंडमध्ये केल किंवा कोबी घालून कोलकॅनन होतो. स्टाउट वापरली असेल तर गाजराचा स्टुम्प घ्या, त्याच्या गोडीने स्टाउटचा कडवटपणा निवतो. सेलरीचा कंद मिळाला तर अर्धा बटाटा, अर्धा कंद, पण त्याचा वास सगळ्यांना आवडतो असं नाही.

जर्मन धर्तीची बॉक वापरलीत तर रुंद एग नूडल्स किंवा स्पेट्झले (अंडं घालून केलेले जर्मन पद्धतीचे आखूड नूडल्स). बटरमध्ये घोळवून, वर थोडा भाजलेला ब्रेडचा चुरा. वीस मिनिटांत काम होतं. शिजवलेली बार्ली हा फारसा कोणाला न सुचणारा पर्याय आहे: बिअरही त्याच धान्याची, चव लगेच जुळते, आणि ती गरम ठेवली तरी बिघडत नाही. पाव तर हवाच, पण तो ताट पुसायला.

भाजीत लाल कोबीला तोड नाही. बारीक चिरलेला एक मध्यम कोबी, दोन आंबट सफरचंदं, एक कांदा, तीन चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, दोन लवंगा, थोडं बटर, पाण्याचा हबका. झाकून मंद आचेवर तासभर. व्हिनेगर सुरुवातीलाच घाला, इथे नियम रश्श्याच्या उलट आहे. लाल कोबीचा रंग आम्लात लाल राहतो, ते नसेल तर शिजता शिजता निळसर-जांभळा, शाईसारखा होतो. हाही आदल्या दिवशी केला तर जास्त चांगला लागतो, म्हणजे शनिवारी तुम्हाला फक्त मॅश उरतो. भाजलेली गाजरं, पार्सनिप वगैरे चालतात, पण ती गोड आणि मऊ, रश्श्यासारखीच. मग आंबट दुसरीकडून आणावं लागतं.

कुरकुरीत म्हणून लोणच्यातल्या काकड्या, व्हिनेगर आणि मिठात अर्धा तास ठेवलेल्या कांद्याच्या पातळ चकत्या, किंवा मस्टर्डच्या ड्रेसिंगमधलं साधं हिरवं सॅलड. एंडाइव्ह, रॅडिचिओ अशी कडू पानं बेल्जियममध्ये लाडकी आहेत. दुबेलच्या रश्श्याबरोबर मलाही आवडतात, स्टाउटबरोबर मात्र नको. ब्रसेल्स स्प्राउट्स करपेपर्यंत भाजायची हल्ली टूम आहे, तीही या जेवणापुरती बाजूला ठेवा. ताटात कडू एकाच ठिकाणी असावं.

राहिलं फ्रिजमधलं भांडं. ते मंद गरम करून मांस बाहेर काढा आणि रस्सा गाळून घ्या. अर्धा रस्सा बाजूला काढा आणि सरळ टाकून द्या. जीव हळहळेल, पण कडूपणा कमी करायचा तो पातळ करूनच कमी होतो, त्याला झाकणारं कोणतंही औषध पूर्ण काम करत नाही. बारा किलोच्या वेळी मीही ओतला होता. तेवढाच बिनमिठाचा स्टॉक घाला. नवे दोन-तीन कांदे तांबूस परतून त्यात टाका, मस्टर्डचा एक ब्रेड ठेवा आणि झाकण न ठेवता मंद आचेवर विरघळू द्या. मग चाखा: आधी मीठ, मग अर्धा अर्धा चमचा करत ब्राउन शुगर, अगदी शेवटी व्हिनेगरचे थेंब. साखर एकदम ओतली तर कडू आणि गोड दोन्ही वेगवेगळे लागतात, आणि त्यावर मग इलाज नाही.

तुमचं मांस कोरडं आहे, ते तुकड्यांच्या रूपात वाढू नका. दोन काट्यांनी धाग्याधाग्यांनी सोडवा आणि दाट रश्श्यात कालवा, धाग्यांना रस्सा सगळीकडून लागला की कोरडेपणा जाणवत नाही. खोलगट ट्रेमध्ये पसरा, वर मॅशचा दोन बोटं जाड थर द्या, काट्याने त्यावर चरे ओढा, थोडं बटर लावा. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटं. कडेने रस्सा बुडबुडायला लागला आणि चऱ्यांचे कंगोरे तांबूस झाले की काढा, दहा मिनिटं थांबा, मग कापा. सोबत लोणच्यातली काकडी.